बांध कोरणाऱ्यांना दंड करणारं गाव

नोव्हेंबरचा शेवट. इंग्लंडमध्ये या दिवसांत सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. अशा एका थंड, चिखलाच्या सकाळी नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्सटन या छोट्या गावातले शेतकरी गमबूट घालून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात आणि शिवाराकडे निघतात. बरोबर लाकडी खुंट्या असतात आणि त्या ठोकायला मोठा हातोडा असतो. हे बारा पंच आणि तेरावा त्यांचा म्होरक्या. नुकताच जिथे गहू पेरला आहे ते शेत त्यांना पट्टी पट्टी करून तपासायचं असतं. कोणी नांगर जरा जास्त पुढे नेऊन सामायिक गवतात घातला आहे का? कोणी शेजाऱ्याचं एखादं तास आपल्यात ओढलं आहे का? पाण्याचा चर कोणी बुजू दिला आहे का? जिथे संशय येतो तिथे हद्द नजरेने आणि पावलांनी जुळवून खुंटी ठोकली जाते, आणि चुकणाऱ्याचं नाव वहीत जातं.

बांध कोरणं हा प्रकार काय असतो हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात आणि दावे नातवांच्या पिढीपर्यंत चालतात. लॅक्सटनमध्ये हा दावा एका आठवड्यात निकाली निघतो. पुढच्या गुरुवारी गावातल्या डव्हकोट इन या खानावळवजा दारूच्या गुत्त्यात 'कोर्ट लीट' भरतं. जुन्या जहागिरीचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, पंच आपला अहवाल देतात, आणि चुकलेल्याला काही पौंडांचा दंड होतो. मग पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात आणि मंडळी जेवायला बसतात. पंच हे त्याच शेतांत कसणारे शेतकरी असतात. आज दुसऱ्याच्या पट्टीशी खुंटी ठोकणाऱ्याची स्वतःची पट्टीही त्याच फेरीत तपासली जाते.

पर्यटकांसाठी केलेला हा देखावा असावा, असं प्रथम वाटतं. तसं ते नाही. १९७७ साली ब्रिटिश पार्लमेंटने एका कायद्याने देशातल्या अशा जुन्या जहागिरी न्यायालयांचे अधिकार काढून घेतले. त्या वेळी लॅक्सटनचा मात्र अपवाद केला, कारण तिथे खरोखरच काम चालू होतं. इंग्लंडच्या इतिहासात मध्ययुगाचा धडा आला की 'तीन शेतांची पद्धत' असं एक चित्र येतं. ती पद्धत आपल्या न्यायालयासकट आजही चालू असलेलं इंग्लंडमधलं हे एकच गाव. डेव्हनमधल्या ब्राँटनला किंवा लिंकनशायरच्या ॲक्सहोम भागात पट्ट्यांचे अवशेष दिसतात, पण पीकफेर आणि पंच यांचं सगळं यंत्र फिरतं आहे ते फक्त इथे.

गाव असं का वसलं

लॅक्सटन हे न्यूआर्क या शहराच्या वायव्येला साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. जमीन लाल चिकणमातीची, जड. पावसाळी दिवसांत बुटाला किलोभर चिकटेल अशी. उंचसखलपणा बेताचा. गावाच्या उत्तरेला एका किल्ल्याची मातीची टेकडी आहे. नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकात इंग्लंड जिंकल्यावर जागोजाग असे मातीचे उंचवटे रचून त्यांवर लाकडी गढ्या बांधल्या. लॅक्सटनच्या गढीत शेरवुडच्या राजवनाचे वंशपरंपरागत रखवालदार राहत. १०८६ साली विजेत्या विल्यमने देशभराच्या जमिनींची जी मोठी नोंदवही करवली, तिच्यात हे गाव 'लॅक्सिंटोन' म्हणून आलं आहे. आधी ते टोची नावाच्या माणसाचं होतं, नंतर जेफ्री अल्सेलिन या नॉर्मनाचं झालं. मालक बदलला तरी नांगर धरणारे बहुधा तेच राहिले.

गावाची रचना पाहण्यासारखी आहे. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत शेतघरं आपापल्या शेतांच्या मधोमध, एकमेकांपासून दूर उभी असतात. लॅक्सटनमध्ये ती सगळी गावातल्या रस्त्याला चिकटून आहेत. कित्येक घरांची आणि कोठारांची बाजूची भिंत रस्त्याकडे, आणि मागे लांबट अरुंद परसू. याचं कारण मुलांना कागदावर शोधायला लावता येईल. एका शेतकऱ्याची जमीन गावाच्या तीन दिशांना विखुरलेली असेल, तर घर कुठे बांधलं म्हणजे त्याची एकूण पायपीट सर्वांत कमी होईल? उत्तर गावाच्या मध्याकडेच येतं. जमीन एकाच ठिकाणी आली की उत्तर बदलतं आणि घर रानात जातं. इंग्लंडमधलं एकटं शेतघर आणि लॅक्सटनमधलं रस्त्यावरचं शेतघर यांतला फरक जमिनीच्या वाटणीतला आहे.

ही वाटणी कशी होती हे आपल्याला फार बारकाईने कळतं, कारण १६३५ सालचा एक नकाशा शिल्लक आहे. सर विल्यम कोर्टन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने ही जहागीर विकत घेतली होती. आपण नेमकं काय घेतलं आहे हे त्याला पाहायचं होतं. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने चामड्याच्या कागदाच्या नऊ तुकड्यांवर गावाचा नकाशा काढला आणि सोबत एक वही दिली. नकाशावर प्रत्येक पट्टी, आणि वहीत ती पट्टी कोणाकडे आणि केवढी. आपल्या तलाठ्याकडचा गावनकाशा आणि सातबारा अशीच ही जोडी समजा. फरक एवढाच, की पिअर्सला नुसत्या रेघा ओढून करमलेलं दिसत नाही. त्याने नकाशातल्या शेतांत नांगर धरणारी, कापणी करणारी आणि शिकारीला निघालेली माणसंही काढली आहेत. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

एकराचं मूळ बैलाच्या दमात

नकाशात पट्ट्या लांबच लांब आणि अगदी अरुंद दिसतात. चौकोनी शेत सोडून असा फितीसारखा आकार का, याचं उत्तर नांगरात आहे. जड चिकणमाती फोडून एका बाजूला उलटणारा मोठा नांगर ओढायला आठ आठ बैल जुंपत. एवढं लांब जोत वळवणं हे कठीण काम. म्हणून वळणं जितकी कमी तितकं बरं, म्हणजे तास जितकं लांब तितकं बरं. पण बैलांचा दमही संपतो. या दोन्हींच्या मध्ये जी लांबी बसली तिचं नाव फर्लांग. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच 'तासाची लांबी' असा आहे. पुढे ती २२० यार्ड, म्हणजे सुमारे २०१ मीटर अशी ठरली. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद एवढी पट्टी म्हणजे एक एकर, ४८४० चौरस यार्ड. जोताचं एका दिवसाचं काम, असं त्याचं परंपरेने मानलेलं माप.

हे २२ यार्ड ओळखीचे वाटतात ना? क्रिकेटची खेळपट्टी तेवढीच असते. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमाराला जमीन मोजायची साखळी तयार केली, तीही याच लांबीची, ६६ फुटांची. तिच्यात कड्या शंभर. दहा चौरस साखळ्यांचा एकर, त्यामुळे जुनी वेडीवाकडी मापं दशमान हिशोबात बसली. आता अर्धी साखळी घ्या, ३३ फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे आपला गुंठा, १२१ चौरस यार्ड. चाळीस गुंठ्यांचा एकर का, असं मुलं विचारतात तेव्हा ४८४० ला १२१ ने भागून दाखवावं. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले, पण बोलताना आपण अजूनही इंग्लंडच्या चिकणमातीत दमलेल्या बैलांच्या मापाने बोलतो.

सगळ्यांचं पीक एक

गावाभोवती तीन मोठी खुली शेतं होती आणि आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. पूर्वी एक छोटं चौथं, ईस्ट फील्डही होतं. खुली म्हणजे मध्ये कुंपण नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. एका वर्षी एका शेतात सगळे गहू पेरणार, दुसऱ्यात वसंत ऋतूत सातू, वाटाणा किंवा घेवड्यासारखं पीक घेणार, तिसरं पड राहणार. पुढच्या वर्षी क्रम एक घर पुढे. कापणी झाली की त्या शेतावर गावाची गुरंमेंढरं चरायला सुटत. ती सड खात आणि जमिनीला खत देत. रासायनिक खतं येण्याआधी मेंढरांचं शेण-मूत हाच या गव्हाचा मोठा आधार होता.

आता यातलं कुलूप लक्षात घ्या. शेजाऱ्याचं पीक कापून झालं आणि माझं उभं असेल, तर मेंढरं सोडता येत नाहीत. म्हणून एका शेतात सगळ्यांनी एकच हंगाम पाळायचा. कोणत्या दिवशी गुरं सोडायची, कोणाची किती, चर कोणी साफ ठेवायचे, हे सगळं मिळून ठरवावं लागतं. मिळून ठरवायचं म्हटलं की सभा आली, नियम आले, दंड आला. कोर्ट लीटचा जन्म जहागीरदाराच्या अधिकारातून झाला हे खरं, पण ते शतकानुशतकं टिकलं ते या रोजच्या गरजेमुळे. भटक्या गुरांना कोंडवाड्यात घालणारा माणूसही हेच कोर्ट नेमत आलं आहे.

शेतांच्या मध्ये सखल, ओलसर जागा आहेत. तिथे नांगर चालत नाही, म्हणून त्या गवतासाठी राखलेल्या. इथले लोक त्यांना 'साइक' म्हणतात. त्यांवरच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो आणि पैसे हक्कदारांत वाटले जातात. पंचांच्या खुंट्यांचं मुख्य काम या साइकच्या कडा राखण्याचं.

पण मुळात पट्ट्या विखुरल्या का? माझी सगळी जमीन एकाच ठिकाणी असती तर माझं जाणं-येणं वाचलं असतं. यावर विद्वानांत मतभेद आहेत. चार्ल्स आणि क्रिस्टाबेल ऑर्विन या दांपत्याने १९३८ साली लॅक्सटनवर 'द ओपन फील्ड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं नांगराभोवती फिरतं. आठ बैल एकट्याकडे नसत. शेजारी बैल एकत्र करत आणि जमीन लागवडीखाली आणताना रोजच्या कामाची पट्टी ओळीने एकेकाला देत. त्यामुळे वाटे आपोआप विखुरले. १९७० च्या दशकात मॅक्लॉस्की या अर्थशास्त्रज्ञांनी दुसरं स्पष्टीकरण मांडलं. ओल्या वर्षी सखल जमीन बुडते, कोरड्या वर्षी उंचावरची वाळते. तुकडे वेगवेगळ्या मातीत असले की कोणत्याही वर्षी सगळंच हातचं जात नाही. विखुरलेली जमीन हा गरिबाचा पीकविमा आहे, असा हा युक्तिवाद. मला दोन्ही स्पष्टीकरणं परस्परविरोधी वाटत नाहीत. एक पद्धत सुरू कशी झाली याचं असेल, दुसरं ती इतकी टिकली का याचं.

हा वाद आपल्या दाराशीही येऊन गेला आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर, तुकडा न् तुकडा पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. जमिनीचे फार बारीक तुकडे झाल्याने शेतीचं नुकसान होतं, हा त्यांचा निष्कर्ष पुढे वारंवार उद्धृत झाला, आणि १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा आला. (पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, आणि तिथे तुकडे पडतात ते सदनिकांचे.) मात्र दोन्ही गावांना एका मापाने मोजता येत नाही. मॅननी पाहिलेले तुकडे वारसांच्या वाटण्यांतून पडले होते आणि प्रत्येक तुकड्याचा मालक आपापल्या मनाचा राजा होता. लॅक्सटनच्या पट्ट्या एका सामायिक पीकफेरीचे भाग होते.

कुंपणं आली

लॅक्सटनसारखी गावं इंग्लंडच्या मध्य भागात एके काळी सर्वत्र होती. मग 'एन्क्लोजर' आलं, म्हणजे पट्ट्या मोडून, जमीन एकत्र करून, कुंपण घालून ती एकेकाच्या ताब्यात देणं. काही ठिकाणी ते आपसांत झालं, पुढे पार्लमेंटच्या कायद्यांनी झालं. १६०४ ते १९१४ या काळात असे ५२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त, त्यांच्याखाली आली. बाजू मांडणारे म्हणत, शेतकऱ्याला नवी पिकं आणि चांगली जनावरं करून पाहायची मोकळीक मिळाली, खंड वाढले. ते खोटं नव्हतं. पण ज्याच्याकडे नावावर जमीन नव्हती, ज्याची एक गाय गायरानावर चरत होती आणि सरपण तिथूनच येत होतं, त्याच्या हाती कायद्यानंतर काही उरलं नाही. आर्थर यंग हा एन्क्लोजरचा मोठा पुरस्कर्ता. गावोगाव फिरून पाहिल्यावर १८०१ साली त्यालाच लिहावं लागलं, की यात गरिबांचं नुकसान झालं आहे आणि पडीक जमिनींतून त्यांना वाटा द्यायला हवा.

लॅक्सटनमध्येही बरीच जमीन अठराव्या शतकापासून कुंपणात गेली. पण सगळी गेली नाही. गावात एकच जमीनदार नव्हता. दोन मोठे होते आणि शिवाय लहान मालक होते. सगळ्यांचं एकमत जुळवणं अवघड आणि खर्चाचं होतं. म्हणजे ही पद्धत वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. बऱ्याच अंशी ती भांडणं आणि चालढकल यांनी वाचवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहागीरदार अर्ल मॅनव्हर्स यांनी पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या आणि त्यांची संख्या खूप घटवली, तरी खुली शेतं ठेवली. आज ती सुमारे ४८० एकर आहेत.

एका जीवशास्त्रज्ञाची गोष्ट

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. तो पर्यावरणाच्या अभ्यासक्रमांत अजून वाचला जातो. त्यातलं उदाहरण सामायिक कुरणाचं आहे. तिथे प्रत्येक गुराखी विचार करतो, मी एक जनावर वाढवलं तर फायदा सगळा माझा, आणि कुरणाचं नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जाणार. सगळेच असा विचार करतात आणि कुरण उजाड होतं. ही कल्पना हार्डिनने विल्यम फोर्स्टर लॉइड याच्या १८३३ सालच्या पुस्तिकेतून घेतली होती. निष्कर्ष असा, की सामायिक म्हटलं की नाश ठरलेला. एक तर खासगी करा, नाही तर सरकारकडे द्या.

गणित म्हणून यात चूक नाही. चूक आहे ती कुरणाच्या वर्णनात. हार्डिनचं कुरण कोणालाही खुलं आहे आणि तिथले गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत. लॅक्सटनमध्ये किंवा कोणत्याही खऱ्या गावात असं कुरण नव्हतं. किती मेंढरं कोणाची हे ठरलेलं होतं, पाहायला पंच होते, चुकलं तर दंड होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासिकेने स्वित्झर्लंडची कुरणं, जपानची गावजंगलं, स्पेनचे आणि फिलिपिन्सचे पाटपाणी तपासून १९९० साली दाखवलं, की सामायिक संपत्ती शेकडो वर्षं टिकवणाऱ्या ठिकाणी काही गोष्टी सारख्या आढळतात. हद्दी स्पष्ट असतात. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात. लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असतात. दंड पहिल्यांदा हलका असतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हार्डिनने स्वतः १९९४ साली दुरुस्ती केली, की आपण बोलत होतो ते 'व्यवस्था नसलेल्या' सामायिक संपत्तीबद्दल.

लॅक्सटनचा काही पौंडांचा दंड या उजेडात पाहावा. एवढ्याने कोणी शेतकरी बुडत नाही. पण तुझं नांगराचं तास दीड फूट आत गेलं आहे, हे शेजाऱ्यांसमोर वाचून दाखवलं जातं, आणि पुढच्या वर्षी नांगर जागेवर येतो. मोठा दंड असता तर त्याच्याविरुद्ध दावा झाला असता.

आज सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. यंत्रं मोठी झाली आहेत आणि अरुंद पट्टीत त्यांना वळायला जागा पुरत नाही. तिसरं शेत आता नुसतं पड ठेवत नाहीत, त्यात चाऱ्यासाठी गवत वगैरे घेतात. पंच बारा लागतात, आणि खुल्या शेतांत कसणारी माणसंच कमी होत गेली तर बारा आणायचे कुठून, हा प्रश्न आहे. मालकीही फिरत राहिली. १९५२ साली अर्ल मॅनव्हर्स यांनी गाव शेतकी मंत्रालयाला विकलं, ते जपलं जावं या अपेक्षेने. १९८१ साली ते क्राउन इस्टेटकडे गेलं. २०२० साली क्राउन इस्टेटने ते थोर्सबी इस्टेटला विकलं, म्हणजे फिरून मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांकडे आलं.

साइकचं एक अनपेक्षित फळ मात्र आहे. आजूबाजूची कुरणं विसाव्या शतकात नांगरली गेली, खतं-तणनाशकांनी बदलली. साइकमध्ये नांगर घातला तर दंड होता, म्हणून तिथलं जुनं गवत आणि रानफुलं टिकली. आता ती जागा शास्त्रीय महत्त्वाची म्हणून कायद्याने संरक्षित आहे. पंचांनी तिथे खुंट्या ठोकल्या होत्या त्या मेंढरांच्या चाऱ्यासाठी, फुलांचा विचार कोणाच्या मनात नव्हता.